मूठभर जुना काथ्या

२३ सप्टेंबर २००४

आले एकदाची पुण्याला. वाशिमहून बारा तास एसटी, मांडीवर शिवणमशीनचं डोकं आणि पायाशी हत्यारांची पेटी. कंडक्टर मशीनचं तिकीट मागत होता. मी म्हटलं, आधी त्याला सीट दे, मग तिकीट घे. 

जागा झकास मिळाली आहे. मांजरी गावात नवा बंगला, बाहेरून बाथरूमच्या फरश्या लावल्यासारखा चकाचक. मागे पत्र्याची मोठी शेड आणि शेडला लागून आम्हाला खोली. आम्हाला म्हणजे मला आणि नम्रताला. पोरगी तीन महिने झाले इथल्या कंपनीत कॉम्प्युटरवर माहिती भरते. हडपसरला एका खोलीत आठ पोरी राहत होत्या. अंघोळीला नंबर आणि जेवायला वडापाव. नुसती हाडं राहिलीत अंगावर. कंपनी या बंगल्यापासून चालत दहा मिनिटं. कामासोबत खोली मिळते म्हटल्यावर मी दुसरं काही विचारलंच नाही. पोरगी दोन वेळ पोटभर जेवली आणि नोकरीत पक्की झाली की मला या शहराचं बाकी काही नको.

काम असं. या घरातला मुलगा विश्वजीत, अठ्ठावीसेक वर्षांचा, त्याला आजोबांची फियाट दसऱ्याच्या पूजेला नवी करून उभी करायची आहे. रंग झालाय, इंजिन सुखदेव मिस्त्री बघतो, सीटा माझ्याकडे. आताच्या गाड्यांना सीटा कारखान्यातूनच येतात, त्यामुळे काथ्या भरून सीट बांधणारं माणूस त्यांना इथे मिळेना. वाशिमला स्टँडसमोर आमचं सीटांचं दुकान होतं. आमचे हे, बद्रीनाथ, दोन वर्षांमागे गेले. दुकानही गेलं. हात राहिला.

ही डायरी रेक्झिनवाल्याने फुकट दिलेली. मापं लिहायला घेतली. मी चौथी शिकले, मापापुरतं येतं. पण नम्रता येईपर्यंत इथे बोलायला कोणी नाही, म्हणून मापाखाली चार ओळी जास्तीच्या लिहीन म्हणते. शुद्धलेखन तपासायला कोणी येणार नाही.

२४ सप्टेंबर

माप: पुढची सीट सलग बाकडं, लांबी ४६, खोली १९, पाठ २१. मागची ४८, खोली २०.

घरात माणसं तीनच. विश्वजीत, त्याचे वडील जयसिंगराव आणि जयसिंगरावांची आई, मथुराबाई आजी. विश्वजीतची आई मागेच वारली. जमीन विकल्यापासून जयसिंगरावांना उद्योग नाही. फाटकात खुर्ची टाकून दिवसभर पेपर वाचतात, जाहिरातींसकट.

आज मी आणि सुखदेवने सीटा गाडीतून बाहेर काढल्या तेव्हा जयसिंगराव पहिल्यांदा शेडपाशी आले. आत पाऊल टाकलं नाही. म्हणाले, पुढची सीट उघडू नका, वरून नवं कव्हर घाला. मी म्हटलं, वरून झबलं घालायचं असेल तर शिंपी बोलवा, मी सीट बांधते. निदान डावी बाजू तरी तशीच ठेवा, म्हणाले. का, ते विचारलं तर पेपर घडी करत निघून गेले.

ज्याला कारण सांगता येत नाही त्याचं मी ऐकत नाही.

२५ सप्टेंबर

सीटचं जुनं रेक्झिन काढायला घेतलं. ड्रायव्हरची बाजू ठीक. डावीकडे, शेजारी बसणाऱ्या माणसाच्या जागी, कोण्या अडाण्याने दाभणाने टाके घातलेत. पोत्याचं तोंड शिवतात तशी दुहेरी सुतळी. पाठीला आठ, बैठकीला तीन, मिळून अकरा. खांद्याच्या उंचीला दोन, काखेखाली दोन, कमरेला चार. फाटलेलं असतं तर समजले असते, पण रेक्झिन धड होतं. या टाक्यांनी काहीच जोडलेलं नाही. आणि प्रत्येक टाक्याखाली पांढऱ्या कापडाची चिंधी अडकलेली, भोवतीचं कापड कात्रीने कापून घेतलेलं. तीस वर्षं सीटा उसवते आहे, असलं काम पाहिलं नाही.

सगळे टाके उसवले. सुतळी चिवट, दोन बोटं कापली. सुतळी आणि चिंध्या कागदात गुंडाळून या डायरीच्या मागच्या खिशात ठेवल्यात. विश्वजीतला दाखवीन, कसल्या माणसांकडून कामं करून घेत होतात ते.

मथुराबाई आजी सुपात लसूण घेऊन शेडच्या दारात बसल्या होत्या. माझ्या हातातली सुतळी बघून विचारलं, किती निघाले. मी म्हटलं अकरा. सूप तिथेच टाकून आत गेल्या. लसणाची सालं शेडभर उडाली, ती मीच झाडली.

२९ सप्टेंबर

पितरपाट लागला. सुखदेव म्हणतो, या पंधरवड्यात नवं काम काढू नये. मी म्हटलं गाडी जुनी, सीट जुनी, मीही जुनी, यात नवं काय आहे? हसला.

आज काथ्या भरला. आमच्या यांची एक रीत होती. नव्या सीटमध्ये जुन्या काथ्याची एक मूठ घालायची, दुधाला विरजण लावतो तशी. नवा काथ्या अडमुठा असतो, माणूस बसला की वर ढकलतो. जुना मिसळला की त्यालाही बसायची सवय लागते. यांनी बांधलेल्या सीटवर ट्रकवाले नागपूरपर्यंत न उतरता जायचे.

उजवीकडचा आणि मागचा जुना काथ्या हातात घेतला की भुगा होत होता. डाव्या बाजूचा मात्र काळाभोर, लांब, तेल चोपडल्यासारखा. तोच घेतला. पुढे दोन्ही बाजूंना एकेक मूठ, मागे दोन. थोडा उरला, तो पिशवीत ठेवला. चांगला माल माझ्याने टाकवत नाही.

३ ऑक्टोबर

सीटा झाल्या. तांबडं रेक्झिन, कडेला दुधी पायपिंग. सुखदेवने गाडीत बसवल्या. विश्वजीत म्हणाला, मावशी, एकदम शोरूम कंडिशन. दसऱ्याला पहिला राउंड नम्रताच्या कंपनीपर्यंत मारू म्हणतो. हे त्याने तीनदा सांगितलं. मी काय आंधळी नाही.

नम्रताची पाठ दुखते. नऊ तास एकाच खुर्चीवर बसायचं आणि ती खुर्ची म्हणे मध्येच खोल गेलेली. उरलेला काळा काथ्या होताच. थोडा नवा मिसळून, रेक्झिनच्या तुकड्याची उशी शिवून दिली बुडाखाली घ्यायला. पोरगी खूश. जाताना काखेत मारून गेली.

५ ऑक्टोबर

दुपारी जेवून आले तर गाडीत पुढच्या सीटला डावीकडे खळगा. रुंदी १२, खोल दीड इंच. सकाळी सपाट होती, मी स्वतः हात फिरवला होता.

स्प्रिंग बसली असेल म्हणून सीट काढली, खालून उघडली. स्प्रिंगा ताठ. पुन्हा ठोकून भरली. चार तास फुकट गेले.

६ ऑक्टोबर

पुन्हा. तीच जागा, दोन इंच. म्हणजे कोणीतरी दुपारचं येऊन बसतं. सुखदेवला झापलं. तो म्हणाला, बाई, मी ऑइलच्या कपड्यात तुमच्या सीटवर बसेन का? तेही खरं. विश्वजीत सकाळपासून कॅम्पात गेलेला. जयसिंगराव शेडच्या जवळ फिरकत नाहीत.

शेडला कुलूप लावलं. किल्ली कनवटीला.

७ ऑक्टोबर

कुलूप तसंच. खळगा आहे.

मग मी माझ्या रीतीने गेले. बसलेल्या माणसाचं माप खोटं बोलत नाही. वाशिमला नुसत्या सीटच्या खड्ड्यावरून मी ट्रकवाल्याचं नाव सांगायची. खडूने कडा आखल्या. विश्वजीतला बसवलं, तो सोळा इंच. सुखदेव सतरा. हा बाराचा, वाळकं माणूस, दोन्ही हाडं टोकदार. आणि पुढच्या कडेला एक छोटा गोल खड्डा वेगळा. तो काय ते कळेना. मग मीच शेजारी ड्रायव्हरच्या जागी बसून पाहिलं आणि कळलं. टाच आहे. उजवा पाय वर घेऊन, गुडघा छातीशी धरून बसतं ते माणूस. शेतात बांधावर बसतात तसं.

रेक्झिनला हात लावला. सावलीतली गाडी, आणि तेवढीच जागा कोमट होती. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

९ ऑक्टोबर

आज पुढे काही नाही. सपाट. हायसं वाटलं. मागचं दार उघडलं तर मागच्या सीटवर. तेच बारा, तीच टाच.

दुपारी तीनला मागचं सपाट, ड्रायव्हरच्या जागी खळगा.

एकच आहे. जागा बदलतं. जिथे जिथे मी मूठ घातली तिथे —

नम्रताला सांगितलं नाही. आधीच दमून येते.

११ ऑक्टोबर

गाडीत कुठेच खळगा नाही, चारही जागा सपाट. सकाळी नऊपासून बघते आहे. नम्रता नऊला जाते.

संध्याकाळी ती साडेसातला आली. गाडीत नाही, सरळ खोलीत येऊन बसली, म्हणजे मी बघत होते ती गाडीत जाते का. काय लिहिते आहे मी. उशीर का विचारलं तर म्हणाली, उठावंसंच वाटलं नाही. बाकीच्या पोरी चहाला गेल्या, जेवायला गेल्या, ही बसून होती. उशी फार छान आहे म्हणाली.

ताट दिलं. खुर्चीवर बसून जेवली. उजवा पाय वर घेऊन.

लहानपणापासून ही पोरगी मांडी घालून जेवते.

१३ ऑक्टोबर, अमावस्या

आजींनी गेनबांचं पान वाढलं. गेनबा म्हणजे त्यांचे मालक, जयसिंगरावांचे वडील, ही गाडी त्यांची. पान घेऊन म्हातारी गच्चीवर न जाता शेडमध्ये आली आणि गाडीच्या डाव्या सीटवर ठेवलं. जयसिंगराव बाहेरून ओरडले. म्हातारीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, मला जवळ बसवलं आणि सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

पाच वर्षांमागे जमीन कंपनीला द्यायचं ठरलं. पोरांनी ठरवलं, गेनबांनी नाही. मोजणीवाले आले तेव्हा गेनबांनी गाडी बांधावर लावायला सांगितली आणि डाव्या बाजूला जाऊन बसले. आता मी उठणार न्हाय, म्हणाले. चार दिवस बसले. उजवा पाय वर घेऊन. आजी भाकरी नेऊन द्यायच्या. पाचव्या दिवशी सकाळी आदली भाकरी तशीच होती.

कागद करायचा दिवस तोच होता. गेनबा गेले म्हटलं असतं तर बहिणी, पुतणे, वारस, सगळं लांबलं असतं. अंग सीटमध्येच ताठलेलं, सरळ होईना आणि धरलं नाही तर एका बाजूला कलंडे. जयसिंगराव आईला म्हणाले, पोती तूच शिवतेस, तुझा हात बसलेला आहे.

आजींनी शिवलं. सदरा सीटला. अकरा टाके. वर फेटा, काळा चष्मा, मांडीवर घोंगडी. गाडी कचेरीच्या दारात नेली. म्हातारा आजारी, खाली उतरवत नाही म्हणून कचेरीतला माणूस गाडीपाशी आला, खिडकीतून अंगठा घेतला, नमस्कार करून गेला.

आजी म्हणाल्या, "बसले व्हते की मालक. बसलेला माणूस जिताच दिसतो, यमुने."

घरी आणून सदरा टाक्यांभोवती कापला. टाके राहू दिले. शिवताना आजींनी त्यांच्या कानात सांगितलं होतं, अहो, आता उठू नका. आणि उठले नाहीत पाच वर्षं.

मी विचारलं, आता कुठे असतील? म्हातारीने मलाच उलट विचारलं, तुझी पोर कितव्या मजल्यावर बसते. तिसऱ्या. कंपनीच्या कुठल्या अंगाला? मी म्हटलं, नम्रता सांगते खिडकीतून कालवा दिसतो.

"बांध तितंच व्हता," म्हणाल्या.

१४ ऑक्टोबर

सकाळी नम्रताच्या हातातून उशी ओढून घेतली. रडली. वेडी झालीस का आई म्हणाली. उशी फाडली, काथ्या परसात जाळला. काळा धूर. जळता जळेना, रॉकेल ओतलं.

विश्वजीतला सांगितलं. तो आधी हसला. मग वडिलांकडे गेला. परत आला तेव्हा हसत नव्हता. 

संध्याकाळ

नम्रता पावणेनऊला आली. म्हणाली, उशीची गरजच नाही आता, खुर्चीच चांगली झाली आहे, बरोबर माझ्या मापाची.

विरजण लागलं की मग मूठ काढून काय उपयोग.

१५ ऑक्टोबर

कंपनीत जाऊ नको म्हटलं. पक्कं करायची यादी निघणार आहे, खाडा चालणार नाही म्हणाली. दार अडवलं. माझ्याकडे असं बघितलं की मी बाजूला झाले. ती नजर माझ्या पोरीची —

गेली.

१६ ऑक्टोबर

काल आली नाही. रात्री विश्वजीतच्या मोबाईलवरून फोन लावला. डबल शिफ्ट आहे आई, म्हणाली. आजही नाही. सकाळी परत लावला. बराच वेळ नुसता श्वास. मग म्हणाली, बसले आहे.

कधी येतेस विचारलं.

"उठणार न्हाय."

न्हाय. वाशिमची माझी पोर, शाळेत वाचनाचं बक्षीस मिळालेलं. न्हाय म्हणत नाही ती.

१७ ऑक्टोबर

कंपनीच्या फाटकावर गेले. पाहुण्यांना वर सोडत नाहीत. गुरखा म्हणाला चिठ्ठी लिहा. मी म्हटलं, मी आई आहे, चिठ्ठी कसली. तासभर भांडले. उन्हात उभी राहून तिसऱ्या मजल्याच्या काचा मोजत बसले. सगळ्या निळ्या. आतलं दिसत नाही.

विश्वजीत ओळखीने वर जाऊन आला. तोंड पांढरं. म्हणाला, काम करते आहे. बोटं चालू आहेत. पाय वर. पाणी समोर तसंच. साहेब लोक खूश आहेत, दोन दिवसांत आठवड्याचं काम केलं.

१८ ऑक्टोबर

आणली.

उठेना म्हणून खुर्चीसकट आणली. चाकाची खुर्ची, दोन गुरखे आणि विश्वजीत, लिफ्टमधून, फाटकातून, मग टेम्पोत. कंपनीला सांगितलं कंबर धरली. खुर्ची परत करा म्हणाले.

शेडमध्ये ठेवली आहे. डॉक्टर येऊन गेला. स्नायू आखडलेत, इंजेक्शन दिलं. उचलायला गेलो तर खुर्ची बरोबर उचलली जाते. कुर्ता बघितला, कुठे टाका नाही, डिंक नाही. नुसती बसली आहे.

पाणी पाजलं. चमच्याने.

वजन — दोघा पुरुषांना जड झाली. माझी हाडकुळी पोर.

१९ ऑक्टोबर

रात्री झोपली नाही. डोळे उघडे, शेडच्या भिंतीपलीकडे कंपनी आहे त्या बाजूला. आई म्हणून हाक मारत नाही. मी हाक मारली की बघते. कोणीतरी तिच्या आडून बघतं.

चार घास कसेबसे. हनुवटीवरून ओघळतात.

जयसिंगराव आज आत आले. पहिल्यांदा. खुर्चीसमोर उभे राहिले. नम्रताने हात पुढे केला. अंगठा वर करून.

ते खाली बसले जमिनीवर. उचलून न्यावं लागलं.

२० ऑक्टोबर

आजी म्हणतात जुना काथ्या सगळा एका जागी आण. सीटा फोडल्या. माझ्याच हातचं काम, माझ्याच कात्रीने. काळा काथ्या नव्यातून एकेक वेचला, दिवस गेला. जिथे मूठभर घातला होता तिथून ओंजळभर निघाला. वाढलाय. कंपनीच्या खुर्चीचं बूडही फाडलं, पोरगी वर बसलेली असताना, खालून. स्पंजच असतो त्यात. स्पंजात काळे धागे.

सगळा डाव्या सीटमध्ये भरला. पुढची सीट परत गाडीत.

वाट बघितली. सपाट.

नम्रता उठली नाही.

२१ ऑक्टोबर

काथ्याने येणार नाहीत, आजी म्हणतात. काथ्या म्हणजे नुसती जागा. त्यांना जागेवर ठेवलं होतं ते टाक्याने, आणि टाका अंगावरच्या सदऱ्याला घातला होता. आता अंग नाही. कोणाचं तरी —

 नम्रताकडे बघितलं. मी त्यांचा दंड धरला. म्हटलं, पोरीला दाभण लावाल तर हात तोडीन.



नम्रताने दोन दिवसांत काही खाल्लं नाही. डॉक्टर ससूनला न्या म्हणतो. खुर्चीतून कशी नेऊ. ओठ काळे. श्वास मोजते आहे, मिनिटाला सात.

डायरीच्या खिशातली सुतळी काढून आजींसमोर ठेवली. चिंध्या पण. मोजल्या. अकरा.

म्हटलं, मी बसते.

म्हातारी रडली नाही. दाभण मागितलं.

२२ ऑक्टोबर, दसरा

माप: डावी बाजू, रुंदी १२. माझी १७. माझ्यात बसेल.

सकाळचे नऊ. गाडीला विश्वजीतने झेंडूची माळ घातली आहे. त्याला सांगितलं, पोरगी उभी राहिली की तिला आधी पेज दे, मग थेट वाशिमला माझ्या भावाकडे सोड. मागे वळून बघायचं नाही. या घरात एक रात्र ठेवायची नाही. हो म्हणाला. शपथ घेतली, दसऱ्याची.

मी बसले. नम्रताची खुर्ची समोर, शेडच्या दारात. डायरी मांडीवर. आजींना म्हटलं टाका घालाल तसा मी मांडते, म्हणजे चुकणार नाही. दाभण सरळ जातं त्यांचं. चांगला हात आहे. उगाच अडाणी म्हटलं.

एक. दोन. खांदे. पोलक्यातून, खाली चिंधी.

तीन, चार. काखा. सीट कोमट झाली.

पाच —

सहा. नम्रताचा पाय खाली आला. जमिनीला लागला.

सात, आठ. पाठ झाली. नम्रता उभी आहे. विश्वजीतला धरून — उभी — आई म्हणाली. तिचाच आवाज. आई तिथे का बसलीस म्हणते. ने तिला. ने म्हटलं —

नऊ. मांडी. गेली ती. फाटकाचा आवाज आला. गेली.

जड. मांडीवर नाही, आतून. हात लिहितोय तोवर —

दहा. दुसरी मांडी. उजवा पाय वर आला. मी घेतला नाही. गुडघा छातीशी.

इथून कालवा दिसत नाही. भिंत आहे. भिंत कोणी —

अकरा. टाच. आजी गाठ मारतात. दाताने सुतळी तोडली. माझ्या कानाशी आल्या. अहो, म्हणाल्या, आता उठू नका.

मला अहो. आजी, मी यमुना, असं सांगायला तोंड उघडलं तर —

म्या बसल्यालो हाय मथुरे, उठणार न्हा